कल्याणाचा खर्च कोणाच्या नावे?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांच्या सदरात गेल्या पंधरवड्यात सरकारी वाटपाच्या विरोधात एक पत्र प्रसिद्ध झाले. पत्रलेखकांचे म्हणणे थोडक्यात असे की, सरकारने रस्ते, धरणे आणि पोलीस यांपलीकडे पाहू नये. रेशन, निराधारांचे पगार, लाडक्या बहिणींचे हप्ते यांवर पैसा उधळल्यामुळे मजूर आळशी होतो, करदाता पिचतो आणि देशाची अर्थव्यवस्था खिळखिळी होते. मी अर्थशास्त्राचा अभ्यासक नाही. दोंडाईच्यात किराण्याचे दुकान चालवतो, वडिलांनंतर गेली चाळीस वर्षे उधारीची वही मीच लिहितो, आणि त्यांच्या काळातल्या काही वह्याही घरात जपून ठेवल्या आहेत. त्या वह्यांत जे दिसते ते पत्रलेखकांच्या मताशी अर्धेच जुळते. उरलेल्या अर्ध्याविषयी हे पत्र आहे.

१९७२ साली मी नऊ वर्षांचा होतो. आमचे दुकान तेव्हा शिंदखेडा तालुक्यातल्याच एका खेड्यात होते. त्या वर्षी बाजरीची कणसे दाणा न भरताच वाळली, विहिरींचे तळ दिसू लागले आणि वडिलांच्या वहीत नावेची बाजू पानामागून पान वाढत गेली, जमेची मात्र कोरी राहिली. उधारी थांबवावी तर गाव उपाशी राहणार, द्यावी तर धुळ्याच्या घाऊक व्यापाऱ्याला तोंड कसे दाखवायचे, या पेचात त्यांनी दिवाळीनंतर दुकानाला कुलूप लावायचे ठरवले होते, असे आई पुढे अनेकदा सांगत असे. कुलूप लागले नाही, याचे कारण गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचे काम निघाले. गावातले धडधाकट पुरुष आणि त्यांच्याहून जास्त बाया त्या कामावर गेल्या. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, अंगठे उठू लागले, पोरांना सुकडी हा दुष्काळातला सरकारी खाऊ मिळू लागला आणि मजुरी वाटपाच्या दिवशी संध्याकाळी आमच्या दुकानापुढे उभे राहायला जागा उरत नसे. त्या वर्षीच्या वहीत मजुरीवाटपाच्या तारखेला जमेच्या नोंदी एकाखाली एक दाटीने लिहिलेल्या आहेत: रुपया, दीड रुपया, बारा आणे. हस्ताक्षर वडिलांचे आहे आणि घाईचे आहे.

१९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर अशा दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. शेतीचे उत्पादन भुईसपाट झालेले असताना महाराष्ट्रात भूकबळींची रांग लागली नाही, याचे श्रेय देशोदेशीच्या अभ्यासकांनी या कामांना दिलेले आहे. पण मला त्याहून साधी गोष्ट सांगायची आहे. त्या मजुरीने मजूर जगला हे खरेच; त्याच मजुरीने दुकानदार जगला, दुकानदाराने घाऊक व्यापाऱ्याचे देणे फेडले, आणि घाऊक व्यापाऱ्याने पुढच्या हंगामात पुन्हा माल दिला. सरकारी पैसा गरिबाच्या हातात पडला की तो तिथे एक रात्रसुद्धा मुक्काम करत नाही. अर्थतज्ज्ञ यालाच मागणी टिकवून धरणे असे म्हणत असतील. आमच्या घरी त्याला 'तलावाने दुकान वाचवले' असे म्हणत. तेव्हा कल्याणकारी राज्याचा लाभार्थी कोण, अशी यादी करायची झाली तर तीत माझ्या वडिलांचे नाव घालावे लागेल, जरी त्यांनी आयुष्यात कधी मस्टरवर अंगठा उठवला नाही आणि सरकारी मदत घेणाऱ्यांविषयी ते फारसे आदराने बोलतही नसत.

या कामांमागे जी योजना होती तिची जन्मकथा आजच्या वादात मुद्दाम आठवावी अशी आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूर परिसरात, मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला. दुष्काळात तो राज्यभर नेला गेला. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. केंद्राने २००५ मध्ये अशाच हमीचा कायदा केला आणि पुढच्या वर्षी पहिल्या २०० जिल्ह्यांत तो लागू केला, तेव्हा त्या यादीत आपले धुळे आणि नंदुरबार हे दोन्ही जिल्हे होते. हा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो. सहसा विसरली जाते ती दुसरी गोष्ट: कायदा होण्याच्या आधीच, १९७५ मध्ये, त्याच्या खर्चासाठी राज्याने स्वतंत्र व्यवसाय कर बसवला. शहरातला नोकरदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांनी दर महिन्याला थोडे पैसे द्यायचे, सरकारने तेवढीच भर घालायची आणि त्यातून खेड्यातल्या माणसाला काम द्यायचे, असा तो व्यवहार होता. म्हणजे कोणाला द्यायचे हे ठरवताना कोणाकडून घ्यायचे हेही त्याच सभागृहात, उघडपणे, ठरले होते. दुकानदाराच्या भाषेत सांगायचे तर जमा आणि नावे एकाच पानावर लिहिले गेले.

हा मुद्दा पुढे पुन्हा येईल. त्याआधी मजूर आळशी होतो, या आरोपाचा हिशेब करू. निंदणीच्या दिवसांत आमच्या भागात बाईची रोजंदारी अडीचशे-तीनशे रुपयांच्या घरात असते. लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये म्हणजे पाच-सहा दिवसांची निंदणी. महिन्याचे उरलेले चोवीस दिवस ती बाई कशाच्या जोरावर घरी बसते, हे मला कोणी तरी समजावून सांगावे. मी पाहतो ते असे की, हप्ता खात्यात पडला त्या दिवशी ती दहा-वीस रुपयांचे सुटे तेल मागण्याऐवजी एक किलोची पिशवी नेते, तूरडाळ पावशेराऐवजी अर्धा किलो घेते, पोराच्या वह्या एकदम सहा घेते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता डबा बांधून रोजाच्या गाडीत बसलेली असते.

बदल झालेला नाही असे मी म्हणत नाही. झाला आहे, आणि शेतकऱ्याला तो जाणवतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचे (वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचे) साल संपते आणि नवे साल ठरते, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. पूर्वी सालदार मागच्या वर्षी घेतलेल्या आगाऊ उचलीत इतका अडकलेला असे की, ठरवण्यासारखे काही उरतच नसे. मालक सांगेल त्या आकड्यावर तो मान हलवी. आज तो आकडा सांगतो आणि पटले नाही तर उठून जातो, कारण घरात रेशनचे गहू-तांदूळ आहेत आणि बायकोच्या खात्यात चार पैसे आहेत. सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याची जोडपी दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे जातात आणि होळीला परत येतात. त्यांच्यातही ज्यांच्या घरी खायला आहे ती मुकादमाची पहिली उचल आंधळेपणाने घेत नाहीत. याला आळस म्हणायचे की सौदा करण्याची ताकद, हे म्हणणारा बांधाच्या कोणत्या बाजूला उभा आहे यावर ठरते.

कपाशी उत्पादकाची तक्रार मात्र खोटी नाही. वेचणीचा दर वर्षागणिक चढतो आणि कापसाचा भाव चढत नाही, या दोहोंच्या कात्रीत पाच एकरवाला शेतकरी खरोखर सापडला आहे. पण त्याच्या भावावर कोणाचा हात पडला, हे नीट पाहायला हवे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले आणि ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली, म्हणजे नेमका आपल्याकडचा कापूस घरात येतो आणि बाजारात जातो तेवढ्या काळासाठी. सूतगिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा, हा त्यामागचा हेतू असेल आणि त्या उद्योगाचीही अडचण असेल. तरीही ती एक प्रकारची मदतच होती, आणि तिची किंमत खानदेश-विदर्भातल्या शेतकऱ्याच्या भावातून वसूल झाली. तिला कोणी रेवडी, म्हणजे फुकटची खिरापत, म्हटल्याचे माझ्या वाचनात आले नाही. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये कंपन्यांवरील कराचा मूळ दर ३० टक्क्यांवरून २२ वर आणला गेला, तेव्हा वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींच्या महसुलावर पाणी सोडावे लागेल, असे सरकारनेच सांगितले होते. देशातल्या सुमारे ८१ कोटी लोकांना रेशनवर धान्य देण्यासाठी केंद्राला वर्षाला अन्न अनुदानापोटी सुमारे २ लाख कोटी रुपये लागतात. साधा भागाकार केला तर माणशी वर्षाला अडीच हजार रुपये. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले की देश नेमका कोणत्या वाटपाने बुडतो आहे, याविषयी थोडे जपून बोलावेसे वाटते.

पत्रलेखकांनी परदेशांचे दाखले दिले आहेत, म्हणून त्यांविषयी थोडे. आजारपणाचा विमा १८८३, अपघाताचा १८८४ आणि म्हातारपणाचे पेन्शन १८८९, हे तिन्ही कायदे ज्या बिस्मार्कने जर्मनीत केले तो काही समाजवादी नव्हता; समाजवाद्यांच्या पायाखालची वाळू काढून घ्यावी हाच त्याचा हेतू होता. त्या कायद्यांनी जर्मन उद्योग बसला नाही. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत तो युरोपात आघाडीवर गेला. स्वीडनचा दाखला अधिक बोलका आहे आणि तो दोन्ही बाजूंना टोचणारा आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथला सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन तृतीयांशापर्यंत गेला, बँका अडचणीत आल्या आणि १९९२ च्या सप्टेंबरमध्ये चलन वाचवण्यासाठी तिथल्या मध्यवर्ती बँकेला आपला एक व्याजदर ५०० टक्क्यांवर न्यावा लागला. तेव्हा त्यांनी कल्याणकारी राज्य मोडीत काढले नाही. खर्चाला वेसण घातली, पेन्शनचा मेळ प्रत्येकाने आयुष्यभर भरलेल्या वर्गणीशी घातला आणि कर मात्र देत राहिले. आजही ते राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४० टक्क्यांहून जास्त कर देतात. आपल्या शेजारच्या श्रीलंकेची गोष्ट उलटी आहे. फुकट शिक्षण आणि फुकट दवाखाने तिथे स्वातंत्र्याच्या आसपासपासून आहेत आणि त्यामुळे तो देश बुडाला नव्हता. २०१९ च्या शेवटी तिथल्या नव्या सरकारने मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ वर आणला, इतर करही कापले, पाठोपाठ साथ येऊन पर्यटन बंद पडले, रासायनिक खतांवर बंदी घालण्याची अवदसा आठवली आणि एप्रिल २०२२ मध्ये परकीय कर्जाची परतफेड थांबवावी लागली. देणे चालू ठेवून घेणे बंद केले तर काय होते, हे त्यातून दिसते.

देशातच पाहायचे तर तमिळनाडू आहे. कामराज यांच्या काळात शाळेत जेवण सुरू झाले, १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी ते फार मोठे केले आणि सरसकट सगळ्यांना रेशन देण्याचा हट्ट त्या राज्याने आजतागायत सोडलेला नाही. देशात सर्वाधिक कारखाने असलेले राज्यही तेच आहे. जेवणामुळे कारखाने आले, इतके सोपे विधान मी करणार नाही. पण शाळेत जेवलेली पोरे कारखान्याच्या दारात नापास होत नाहीत, एवढे तरी त्यावरून म्हणता येते. आणि फार लांब कशाला जायचे? आपल्या नवापूरच्या पलीकडे सोनगड-व्यारा हा बडोदा संस्थानचा मुलूख होता. आपल्या सीमेलगतच्या कवळाण्यात जन्मलेल्या सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तेव्हा इंग्रजांच्या खानदेशात तशी काही सोय नव्हती.

इथवर मी पत्रलेखकांच्या विरोधात लिहिले. आता जिथे मी त्यांच्याशी सहमत आहे तिकडे वळतो, आणि ही सहमती तोंडदेखली नाही.

लाडकी बहीण योजना जुलै २०२४ पासून लागू झाली आणि विधानसभेची निवडणूक त्याच नोव्हेंबरमध्ये झाली. वर्षाला सुमारे ४६ हजार कोटी लागतील असे सुरुवातीला सांगितले गेले. पुढच्या, म्हणजे २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६ हजार कोटींची तरतूद झाली. त्याच अर्थसंकल्पात ४५ हजार कोटींहून अधिक महसुली तूट दाखवली होती आणि राज्यावरचे कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल, असा अंदाज होता. योजनेला माझा विरोध नाही. माझ्या गल्ल्याला तर तिचा फायदाच झाला, हे मी वर लिहिलेच आहे. पण १९७५ मध्ये जो प्रश्न विचारला गेला तो २०२४ मध्ये कोणी विचारला नाही: हे पैसे कोणाच्या नावे टाकायचे? कोणावर एक पैशाचा नवा कर बसला नाही, म्हणून शहरातला माणूस खूश. खात्यात पैसे आले, म्हणून खेड्यातली बाई खूश. असा सर्वांना खूश करणारा व्यवहार माझ्या चाळीस वर्षांच्या दुकानदारीत मी पाहिलेला नाही. जिथे जिथे तो तसा भासला तिथे कोणी तरी तिसरा मुकाट्याने पैसे भरत होता.

इथला तिसरा कोण, ते हळूहळू बाहेर येते आहे. सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या खात्यांचा निधी या योजनेकडे वळवल्याबद्दल २०२५ मध्ये खुद्द एका मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली होती. नंदुरबारच्या आश्रमशाळेतल्या पोराच्या वाट्याचे पैसे त्याच्याच आईच्या खात्यात टाकून तिला बहीण म्हणायचे, असा त्याचा अर्थ होतो. सरकारी कामे केलेले ठेकेदार थकीत बिलांसाठी आंदोलन करताना राज्याने पाहिले. ठेकेदारांविषयी मला विशेष कळवळा नाही, पण त्यांच्याकडच्या मजुराची मजुरीही त्याच बिलात अडकलेली असते.

माझाही एक छोटा अनुभव आहे. जवळच्या एका सरकारी अनुदानावर चालणाऱ्या वसतिगृहाला मी काही वर्षे किराणा देत होतो. पूर्वी बिल दोन-तीन महिन्यांनी निघे. मधल्या काळात ते आठ महिने अडकले. वसतिगृहाचे चालक सज्जन गृहस्थ, दर वेळी 'वरून ग्रँट आली की पहिले तुमचे' एवढेच सांगत. आठ महिने मी घाऊक व्यापाऱ्याला व्याज भरले आणि शेवटी नाइलाजाने डाळीची प्रत उतरवली. हे लिहिताना मला लाज वाटते, पण ते खरे आहे. सरकारने पोरांच्या जेवणाचा एक रुपयाही कागदावर कमी केला नव्हता. फक्त दिला नव्हता. कल्याणकारी खर्चाने अर्थव्यवस्थेचे नुकसान कसे होते, असे कोणी मला विचारले तर मी मोठे आकडे सांगणार नाही, ती उतरवलेली डाळ दाखवीन. एका हाताने तारीख ठरवून द्यायचे आणि दुसऱ्या हाताने तारीख न सांगता थांबवायचे, याने बाजारातला विश्वास जातो, आणि उधारीवर चालणाऱ्या बाजारात विश्वासाखेरीज दुसरे भांडवल नसते.

योजनांच्या अटी शेजारी ठेवून पाहिल्या तर आणखी एक विसंगती दिसते. संजय गांधी निराधार योजना १९८० पासूनची. विधवा, दुर्धर आजाराने पडलेला माणूस यांच्यासाठीची ही योजना आणि वृद्धांसाठीची श्रावणबाळ योजना, या दोहोंसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षे २१,००० रुपये राहिली. म्हणजे महिन्याला १,७५०. घरात कोणी महिन्यातून सात दिवस निंदणीला गेले तरी ती मर्यादा ओलांडली जाते, म्हणून तलाठ्याच्या दाखल्यावर सगळे गाव खोटे बोलते आणि तलाठी ते लिहून घेतो. लाडक्या बहिणीसाठी मात्र मर्यादा अडीच लाखांची. ज्याला उभेच राहता येत नाही त्याच्यासाठी बारापट अरुंद दार आणि मतदानाला चालत जाणाऱ्यांसाठी रुंद, अशी ही रचना आहे. केंद्राकडून ६० ते ७९ वर्षांच्या वृद्धाला मिळणारा महिन्याचा वाटा तर २०० रुपये आहे आणि तो गेल्या दीड दशकाहून अधिक काळ हललेला नाही. तेवढ्यात आज एक किलो तूरडाळ आणि जेमतेम थोडी साखर येते.

हे पैसे पोहोचतात का, हाही प्रश्न आहेच. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले, याचा आम्हाला तेव्हा अभिमान वाटला होता. त्या क्रमांकामुळे मधल्या मध्ये खाणारे पुष्कळ हात दूर झाले, हे मी मान्य करतो. मस्टरवरची भुताटकीची नावे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना याचे मोल कळेल. पण मागच्या हिवाळ्यात रेशन दुकानाच्या रांगेत मी उभा होतो तेव्हा पुढे एक म्हातारी होती. आयुष्यभर पथारीवर मिरचीचे देठ खुडलेले हात, बोटांची टोके तिखटाने आणि उन्हाने सोललेली, गुळगुळीत. दुकानदाराने तिचा अंगठा यंत्रावर ठेवला, पुसला, पुन्हा ठेवला, मग दुसऱ्या हाताचा ठेवला. यंत्र दर वेळी लाल दिवा दाखवी. ती माझ्याकडे वळून म्हणाली, 'मन्हा अंगठा लागत नई, भाऊ,' आणि पिशवीची घडी घालून बाजूच्या ओट्यावर बसली. दुकानदाराने दुसरा काही मार्ग काढून तिला धान्य दिले की नाही, ते पाहायला मी थांबलो नाही. दुकान उघडायचे होते. ज्या कष्टाने तिचा अंगठा पुसला गेला त्याच कष्टाने तिच्या डाळ-पिठावर माझ्यासारख्यांनी नफा कमावला, आणि साबणापासून बिस्किटापर्यंत प्रत्येक पुड्यावर तिने जीएसटी भरला. 'करदात्याच्या पैशांवर जगणारे' असे शब्द पत्रलेखकांनी वापरले आहेत. त्यांनी तिलाही करदात्यांत मोजावे, अशी माझी विनंती आहे.

तेव्हा कल्याणकारी राज्याने राष्ट्राच्या अर्थव्यवस्थेचे हित होते की अहित, याला माझ्यापुरते उत्तर असे: पाझर तलाव, शाळेतले जेवण, दवाखाना, रेशन, निराधाराचा पगार यांनी अहित होत नाही, ते अर्थव्यवस्थेचे बी-बियाणे आहे. राज्याची आरोग्य विमा योजना २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम आली त्यांत धुळे होते, आणि तिच्यामुळे ज्यांची जमीन दवाखान्यापायी विकायची वाचली अशी घरे माझ्या गिऱ्हाइकांत आहेत. ती आजही शेती करतात आणि माल पिकवतात. अहित होते ते खर्च कोणाच्या नावे हे न लिहिता वाटल्याने. ते कर्जाच्या नावे लिहिले जाते, नाही तर आश्रमशाळेच्या नावे, नाही तर माझ्या आठ महिन्यांच्या बिलाच्या नावे.

म्हणून एक सूचना करतो, जी माझ्या व्यापारी मित्रांना मुळीच आवडणार नाही. रोजगार हमीसाठी बसवलेला तो व्यवसाय कर आजही आहे आणि मी तो भरतो: वर्षाला २,५०० रुपये. महिन्याला दहा-पंधरा हजार मिळवणारा कारकून तेवढाच भरतो आणि जिल्ह्याच्या ठिकाणी लाखोंनी मिळवणारा डॉक्टरही तेवढाच भरतो, कारण याहून जास्त व्यवसाय कर घ्यायला राज्यघटनेचे २७६ वे कलमच मनाई करते. ही २,५०० ची मर्यादा १९८८ च्या घटनादुरुस्तीने ठरली. तेव्हा जळगावच्या सराफ बाजारात तेवढ्या पैशांत पाऊण तोळ्याच्या आसपास सोने येत असे. आज दोन गुंजाही येत नाहीत. सदतीस-अडतीस वर्षे ती मर्यादा कोणी हलवली नाही, कारण हलवावी अशी मागणी घेऊन कोणताही मोर्चा कधी निघालेला नाही. खानदेशातल्या खासदारांनी ती वाढवून घेण्याचा प्रश्न संसदेत मांडावा, जो जास्त मिळवतो त्याने जास्त द्यावे अशी त्यात सोय व्हावी, आणि वाढलेली रक्कम निराधारांचे पगार व आश्रमशाळा यांखेरीज कशावरही खर्च होणार नाही असे कायद्यातच लिहावे. माझा स्वतःचा आकडा किती वाढेल, हे मी वहीच्या शेवटच्या पानावर मांडून पाहिले आहे आणि तो मला झेपण्यासारखा आहे.

आपला,
एक किराणा दुकानदार,
दोंडाईचा, ता. शिंदखेडा, जि. धुळे